नाणे वाजवायचे कुठे?

एखादी गोष्ट नीट तपासून घ्यायची असेल तर मराठीत ती 'वाजवून घ्यावी' म्हणतात. हा शब्दप्रयोग रुपयाच्या व्यवहारातला आहे. चांदीचे नाणे हाती आले की दुकानदार ते दगडी फरशीवर टाकून कान देई. चांगल्या चांदीचे नाणे खणकन वाजून क्षणभर घुमत राही. हिणकस धातूचे किंवा आतून कोरून शिसे भरलेले नाणे बद्द वाजे. 'खणखणीत' हे विशेषण, सचोटीच्या माणसाला 'बंदा रुपया' म्हणण्याची रीत, नावाला 'बट्टा लागणे' ही नामुष्की, सारे याच व्यवहारातून भाषेत मुरले. बट्टा म्हणजे झिजलेल्या किंवा परक्या टांकसाळीच्या रुपयावर सराफ कापून घेई ती रक्कम. पोतदार, पारखी, नाणावटी, सराफ ही आडनावेही त्याच कामाची. मुघल आणि मराठा काळातल्या अनेक रुपयांवर सराफांनी मारलेले बारीक ठसे आजही दिसतात. कुणीतरी हे नाणे हातात घेऊन तपासले होते, याची ती धातूवरच केलेली नोंद आहे. तोच रुपया आज संग्राह्य वस्तू म्हणून मोबाइलच्या पडद्यावर विकला जातो, चांदीच्या भावाच्या कितीतरी पट किमतीला. विकत घेणाऱ्याला मिळतात दोन छायाचित्रे आणि 'एकदम यूएनसी' (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेले), 'अप्रतिम अवस्था', 'न वापरलेले' असा एखादा शेरा. फरशी नाही, काटा नाही, मधला पारखीही नाही.

अशा व्यवहारात फसगत झाली की दोष नेहमी घेणाऱ्याला दिला जातो. डोळे उघडे ठेवायला हवे होते, अभ्यास करायला हवा होता, एवढ्या स्वस्तात कधी मिळते का, असे त्याला सुनावले जाते. हा न्याय उलटा आहे. नाण्याची अवस्था कशी आहे हे ज्याच्या हातात नाणे आहे त्यालाच कळू शकते, म्हणून ती दाखवून देण्याची जबाबदारी त्याचीच. त्याने ती पार पाडली नाही, तर घेणाऱ्याने त्या विशेषणापोटी एक पैसाही जास्त देऊ नये. ही मागणी आग्रही वाटेल. पण नाण्याची किंमत कशी ठरते हे पाहिले की तिचे कारण कळते. ब्रिटिश हिंदुस्थानातला १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया, म्हणजे घरोघरी ज्याला राणीछाप किंवा राजाछाप म्हणतात तो, ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा. त्यात शुद्ध चांदी भरते साधारण १०.७ ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने येणारी तेवढ्या चांदीची किंमत हा पाया. त्यावरचे सगळे पैसे तीन गोष्टींचे असतात: साल, टांकसाळ आणि अवस्था. साल आणि टांकसाळीची खूण बऱ्या छायाचित्रात वाचता येते. अवस्था मात्र पूर्ण दिसत नाही, आणि सर्वसाधारण सालांच्या नाण्यांत किमतीची मोठी झेप तिच्यामुळेच पडते. म्हणजे जिथे सर्वाधिक पैसे मोजायचे, तिथेच घेणारा सर्वाधिक आंधळा असतो.

अवस्थेचे दोन भाग आहेत, आणि विक्रेत्यांच्या वर्णनात त्यांची नेहमी गल्लत होते. पहिला भाग झिजेचा. नाण्यावर जे उंच असते ते आधी झिजते. व्हिक्टोरियाच्या रुपयावर मुकुटाचे बारकावे, केसांच्या बटा आणि झग्यावरची नक्षी आधी पुसट होते. एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही, त्यामुळे तिथे कानावरचे केस आणि दाढी पाहावी. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुटातले मोती, मिशी, कान आणि अंगरख्यावरच्या साखळीतला हत्ती पाहावा. हा हत्ती मोठा बोलका आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड आखूड कोरली गेली, तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून चित्र सुधारले गेले. संग्राहक त्या इवल्याशा चित्रासाठी पैसे मोजतो. झिजलेल्या नाण्यावर मात्र तिथे नुसता उंचवटा उरतो. झिजेचा हा भाग छायाचित्रात बऱ्यापैकी दिसतो, आणि काट्यावर त्याची साक्षही मिळते. रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. सराफकट्ट्यावर आज १० ग्रॅमला तोळा म्हणतात त्याच्याशी याची गल्लत करू नये. १८७० च्या नाणे कायद्याने दोन टक्क्यांहून अधिक वजन गमावलेला रुपया कायदेशीर चलन मानायला नकार दिला होता. म्हणजे ११.४३ ग्रॅमच्या खाली गेलेले नाणे ज्या काळात ते रोज हातोहात फिरत होते त्या काळातही सरकारला चालत नव्हते. आज ११.३ ग्रॅम भरणारा रुपया कुणी 'न वापरलेला' म्हणून विकत असेल, तर काट्यानेच त्याला उत्तर दिले आहे. तरीही विक्रीच्या वर्णनात वजन लिहिलेले क्वचितच आढळते, आणि दशांश चिन्हानंतर दोन आकडे तर फारच थोडे लिहितात. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आज कुणालाही परवडतो.

दुसरा भाग पृष्ठभागाचा, आणि खरी मेख तिथे आहे. टांकसाळीत दोन ठशांमध्ये चकती दाबली जाते तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. नव्या नाण्याचे तेज त्या रेषांचे असते. नाणे प्रकाशात तिरपे करून फिरवले तर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरताना दिसतो. एकदा त्या रेषा पुसल्या गेल्या की जगातले कोणतेही पॉलिश त्या परत आणू शकत नाही. पॉलिशने येते ती चकाकी वेगळी असते, आरशासारखी सपाट आणि निर्जीव. संग्राहकाच्या दृष्टीने घासून चमकवलेले नाणे हे झिजलेल्या नाण्याहूनही नावडते, कारण झीज हा नाण्याच्या आयुष्याचा भाग असतो आणि घासणे ही नंतर केलेली मोडतोड. महाराष्ट्रात अशा नाण्यांची संख्या फार मोठी असणे स्वाभाविक आहे. लक्ष्मीपूजनाला घरातले चांदीचे रुपये ताटात मांडायचे, त्याआधी ते चिंच, लिंबू, रांगोळी, राख, दंतमंजन, जे हाताशी असेल त्याने लख्ख घासायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. त्यात कुणाचा दोष नाही. ते रुपये देवघरातले होते, संग्रहातले नव्हते. पण रांगोळी आणि राख म्हणजे बारीक खडा. दरवर्षी एकदा असे पन्नास वर्षे घासलेल्या रुपयाच्या अंगावर हजारो केसभर ओरखडे असतात. शिवाय चांदी काळवंडते तेव्हा वरून काळी धूळ बसलेली नसते. हवेतल्या गंधकाशी चांदीचीच संयुगे झालेली असतात. काळेपणा काढला म्हणजे पृष्ठाची चांदीच थोडी काढली. त्यामुळे दिवाळीच्या ताटातून निघून थेट विक्रीच्या यादीत आलेले, लखलखणारे, शंभर वर्षांचे नाणे 'अप्रतिम अवस्था' या शब्दांखाली विकले जाते, तेव्हा विकणारा बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच ते सुंदर वाटत असते. अडचण अशी की घेणारा ज्या अवस्थेचे पैसे मोजतो ती त्या नाण्यात नसते.

आता छायाचित्रे इतकी उत्तम निघतात, मोबाइलमध्येही मोठे करून सगळे दिसते, मग अडचण कसली, असे कुणी म्हणेल. आकार दाखवण्यात छायाचित्र खरोखर तरबेज आहे. पृष्ठ दाखवण्यात ते कच्चे पडते. समोरून मऊ, पसरलेला उजेड टाकला की केसभर ओरखडे नाहीसे होतात. तोच उजेड एका बाजूने, खालच्या कोनातून टाकला की ते जाळ्यासारखे उठून दिसतात. म्हणजे एकाच नाण्याची, एकाच मिनिटात काढलेली दोन छायाचित्रे दोन वेगळ्या अवस्था सांगू शकतात, आणि दोन्ही खरी असतात. त्यात मोबाइलचा कॅमेरा आपण होऊन चित्रातला खरखरीतपणा मऊ करतो. त्या गुळगुळीतपणात बारीक रेषाही जातात. पुढे चित्र पाठवताना त्याचा आकार घटतो आणि राहिलेले बारकावेही विरतात. यात कुणी लबाडी करायचीही गरज नाही. म्हणून स्थिर चित्रापेक्षा दहा सेकंदांचे, एकाच दिव्याखाली नाणे हळूहळू तिरपे करत घेतलेले चलचित्र कितीतरी अधिक सांगते. उजेडाचा पट्टा फिरतो की नाही, फिरताना कुठे तुटतो, ओरखडे एकाच दिशेने आहेत का, हे त्यात दिसते. एकाच दिशेने गेलेल्या समांतर रेषा म्हणजे कापडाने किंवा ब्रशने पुसल्याची खूण. खिशात, गल्ल्यात, थैलीत पडलेले ओरखडे कधी असे रांगेत नसतात.

छायाचित्रात जवळजवळ कधीच न दिसणारी जागा म्हणजे नाण्याची कड. आपल्याकडे तिचे महत्त्व जास्तच आहे, कारण आपल्याकडे नाणी अंगावर घातली गेली. रुपयांचे हार झाले, पुतळ्यांच्या माळा झाल्या, गळ्यात, कमरेला, गुरांच्या माथ्यावरही नाणी आली. त्यासाठी नाण्याला कडी लावून डाग दिला जाई. पुढे कडी काढून, डाग घासून, कडेच्या दातऱ्या पुन्हा कोरून ते नाणे मोकळे केले जाते. समोरून आणि मागून काढलेल्या छायाचित्रांत यातले काहीच दिसत नाही. कड फिरवून पाहिली, तर राजाच्या डोक्यावर, बाराच्या काट्याच्या जागी, दातऱ्यांची लय बिघडलेली सापडते. आतून पोकळ करून जोडलेल्या किंवा ओतीव बनावट नाण्याची सांधरेषाही बहुधा कडेवरच सापडते. सालातला फेरफारही जाणती नजर जवळूनच पकडते. १९३९ चा रुपया दुर्मीळ, १९३८ चा त्या मानाने सहज मिळणारा. तेव्हा ८ खरवडून ९ करणे ही ठगांची जुनी युक्ती. त्या एका अंकाचे मोठे छायाचित्र आणि शेजारच्या अंकांशी त्याची उंची, जाडी, भोवतालची जमीन ताडून पाहिल्याशिवाय अशा नाण्यासाठी पैसे टाकणे म्हणजे डोळे मिटून विहिरीत उडी घेणे आहे.

यावरचा ठरलेला उतारा म्हणजे प्रमाणित नाणे घेणे. अमेरिकेत १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या संस्था सुरू झाल्या. त्या नाणे तपासून, १ ते ७० पर्यंतचा अंक देऊन, सीलबंद पारदर्शक डबीत बंद करतात. भारतातही अशा डबीतली नाणी आता सहज विकली जातात. त्यांचा उपयोग मोठा आहे, हे मान्य केले पाहिजे. बनावट नाणे बाहेर ठेवायला आणि घासलेले, दुरुस्त केलेले नाणे उघड सांगायला त्या डब्यांनी फार मदत केली. पण अंक म्हणजे अखेर एक मत आहे. डबी फोडून तेच नाणे पुन्हा पाठवले की कधी कधी वेगळा अंक येतो, हे त्या बाजारातल्या सर्वांना ठाऊक आहे. कित्येक विक्रेते नेमके तेच करतात. डब्यांचीही नक्कल होते. म्हणून डबीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून, तिथे चित्र असेल तर त्याच्याशी नाणे ताडून पाहायला हवे. त्या मोजपट्टीचा उगमही लक्षात ठेवावा. विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ती १९४९ च्या आपल्या पुस्तकात मांडली, आणि तीही अमेरिकेच्या सुरुवातीच्या मोठ्या तांब्याच्या सेंटपुरती. ७० अंकाचे नाणे १ अंकाच्या नाण्याच्या सत्तर पट किमतीचे असावे, असा त्याचा हिशेब होता. पुढे किमतींचे ते गणित मोडले, पण अंक मात्र जगभराच्या नाण्यांना चिकटला. प्रमाणपत्र हा चांगला साक्षीदार आहे. निकाल मात्र नाणे पाहूनच द्यावा लागतो. शिवाय दोन-तीन हजारांच्या साध्या रुपयासाठी डबीचा खर्च नाण्याच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो, आणि बहुतांश मराठी संग्राहक व्यवहार करतात तो याच पातळीवर.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. यंत्राने पाडलेल्या रुपयासाठी झीज आणि तेज ठीक, पण शिवराईचे काय? हातोड्याने घडवलेल्या तांब्याच्या नाण्याला परदेशी मोजपट्टी लावणे म्हणजे गावच्या देवळाला विमानतळाचे नियम लावणे, असे काही अभ्यासक मानतात, आणि त्यांचे म्हणणे अर्ध्याहून अधिक खरे आहे. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. पण ठसा बहुधा चकतीहून मोठा असे, त्यामुळे बहुतेक नाण्यांवर ही अक्षरे अर्धीमुर्धीच उमटली. एखादे नाणे एक दिवसही वापरात न येता अर्ध्या अक्षरांचे असू शकते. अक्षर नाही म्हणून ते झिजले असे म्हणणे अडाणीपणाचे. उलट, पूर्ण अक्षरे आणि ठिपक्यांची पूर्ण कड असलेले, पण वापरून गुळगुळीत झालेले नाणे अधिक मोलाचे ठरू शकते. यावरून काही जण निष्कर्ष काढतात की शिवराईत अवस्था बघूच नये, इतिहास बघावा. हा निष्कर्ष घसरतो. शिवराईची अवस्था बघायचीच, फक्त तिचे धागे सुटे करून बघायचे: ठसा मध्यावर बसला आहे का, अक्षरे किती आली, झीज किती आणि पृष्ठाचे काय झाले. प्राचीन नाण्यांच्या बाबतीत एनजीसीनेही हेच केले आहे; झिजेच्या शेऱ्याशिवाय ठशाला आणि पृष्ठाला पाचपैकी स्वतंत्र गुण ती देते. शिवराईत पृष्ठाचा प्रश्न तर चांदीहूनही गंभीर आहे. तांब्यावर शतकानुशतके जमलेला गडद, घट्ट, गुळगुळीत थर नाण्याचे रक्षण करतो. कळंकाचा फिकट हिरवा, भुरभुरीत, बोटाला लागणारा थर मात्र नाणे आतून खात असतो. तो क्षारांमुळे होतो आणि दमट हवेत वाढतच जातो. छायाचित्रात दोन्ही 'हिरवेच' दिसतात. त्यातच कित्येक शिवराया आम्लात बुडवून गुलाबी तांबूस केल्या जातात, आणि मग जुनेपणा आणण्यासाठी रसायनाने पुन्हा काळ्या केल्या जातात. अक्षरांच्या खोलगट कोपऱ्यांत एक रंग आणि सपाटीवर दुसरा, हा नैसर्गिक क्रम. सगळीकडे एकसारखा, शाईसारखा काळा रंग दिसला की शंका घ्यावी. शिवकालीन सोन्याच्या होनाबद्दल तर वेगळे सांगायला नको. तो इतका दुर्मीळ आणि त्याच्या नकला इतक्या मुबलक, की केवळ चित्र पाहून तो घेण्याचा विचारही करू नये.

विक्रेत्यांची बाजूही ऐकायला हवी. एवढी चित्रे, चलचित्र, वजन, कड, हे सगळे पाचशे रुपयांच्या नाण्यासाठी करायचे तर धंदा परवडणार कसा, असे ते विचारतात. दुसरी भीती ते खासगीत बोलतात आणि ती खरी आहे: परत घेण्याची हमी दिली की एखादे गिऱ्हाईक आपले वाईट नाणे डबीत घालून पाठवील आणि चांगले ठेवून घेईल. पहिल्या आक्षेपाला उत्तर सोपे आहे. पाचशेच्या नाण्याला कुणी 'यूएनसी' म्हणू नये. 'साधारण, वापरलेले' म्हणावे आणि दोन चित्रांवर विकावे. जितके मोठे विशेषण, तितका मोठा पुरावा, एवढीच अट आहे. दुसऱ्या भीतीचे उत्तर मात्र विलक्षण आहे, आणि ते शेल्डनच्याच चरित्रात सापडते. ज्याने जगाला अवस्थेची मोजपट्टी दिली, त्यानेच न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंट काढून त्या जागी आपली कमी प्रतीची ठेवली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले. ती अदलाबदल सिद्ध झाली जुन्या छायाचित्रांशी नाणी ताडून. कारण प्रत्येक नाण्याच्या अंगावरच्या खुणा, कडेचा एखादा चिमटा, गालावरचा ओरखडा, डागाचा आकार, माणसाच्या बोटाच्या ठशासारख्या एकमेव असतात. तेव्हा तिरप्या उजेडात, मोठ्या आकारात काढलेली जी छायाचित्रे घेणाऱ्याचे रक्षण करतात, तीच विकणाऱ्याचेही करतात. परत आलेले नाणे तेच आहे की नाही, ते घटकेत कळते. हातोड्याने घडवलेल्या शिवराईत तर दोन नाणी सारखी असूच शकत नाहीत. ज्या विक्रेत्याला अदलाबदलीची भीती वाटते त्याने कमी नव्हे, जास्त चित्रे द्यायला हवीत.

कायदाही या दिशेनेच झुकलेला आहे, फक्त संग्राहक त्याचा उपयोग करत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात, की जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म वस्तूत नसतील तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. विक्रीमंचाने तक्रार अधिकारी नेमलाच पाहिजे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि महिनाभरात ती निकाली काढली पाहिजे. 'न वापरलेले' हे वर्णन गुणधर्मच नाही तर काय? तरीही 'नाणी परत घेतली जाणार नाहीत' असे ठळक लिहून बिनदिक्कत व्यापार चालतो, आणि घेणाराही ते निमूट मान्य करतो. अर्थात, पुन्हा विकण्याच्या धंद्यासाठी नाणे घेणारा कायद्याच्या व्याख्येतला ग्राहक नव्हे, आणि कुणी हौशी माणूस आपल्या संग्रहातले एखादे नाणे विकतो तेव्हा हे नियम तितके कामी येत नाहीत. तिथे आधी लिहून घेतलेला शब्दच उपयोगी पडतो. परदेशातल्या मराठी संग्राहकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवराई तर सोडाच, १९१८ चा साधा रुपयाही आता त्यात बसतो. आणि ज्यात अवस्थेचा प्रश्नच नसतो अशीही एक फसवणूक आहे: चलनातल्या साध्या नाण्याला लाखो रुपये मिळतील असे सांगून आधी शुल्क किंवा कर भरायला लावणे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले, की जुन्या नाणी-नोटांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती त्यासाठी कुणाकडून पैसे मागत नाही.

एक शेवटचा आक्षेप उरतो: पारख ज्याने त्याने शिकावी, ती दुसऱ्याकडून मागू नये. पारख शिकावीच. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचे दालन आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. चांगली नाणी प्रत्यक्ष पाहून डोळा तयार होतो, दुसरा मार्ग नाही. प्रदर्शनांत एकाच सालाचे वीस रुपये शेजारी शेजारी ठेवून पाहण्याइतका मोठा धडा कोणतेही पुस्तक देत नाही. पण तयार डोळाही त्याला दाखवले तेवढेच पाहू शकतो. पेठेतला पारखी नाणे हातात आल्यावर पारखत होता. नाणे लांबून दाखवून 'ओळख' म्हटले असते तर त्यानेही ते परत केले असते. या छंदात आज शाळकरी मुले येत आहेत, खाऊचे पैसे साठवून पहिला चांदीचा रुपया मागवत आहेत. त्यांच्या हाती घासलेले, डाग काढलेले नाणे 'उत्तम' म्हणून पडते, आणि चार वर्षांनी विकायला गेल्यावर दुकानदार मान हलवतो. असा एकेक मुलगा छंदातून कायमचा उठतो, तेव्हा नुकसान फक्त त्याचे होत नाही.

चांगले वर्णन कसे असते? 'पंचम जॉर्ज, एक रुपया, १९१८, मुंबई टांकसाळ. वजन ११.५६ ग्रॅम. कानावर आणि मुकुटाच्या मोत्यांवर किंचित झीज, हत्ती स्पष्ट. कड पूर्ण पाहिली. डाग दिल्याची खूण नाही, चलचित्र जोडले आहे. पूर्वी कधीतरी हलके पुसले गेले आहे, तिरप्या उजेडात राजाच्या चेहऱ्यामागे समांतर रेषा दिसतात, चित्र जोडले आहे. सात दिवसांत परत घेऊ.' अशा नाण्याला 'यूएनसी' म्हटलेल्या नाण्यापेक्षा कमी पैसे मिळतील. पण ते ज्याच्या घरी पोचेल, तो पाकीट उघडून नाणे दिव्याखाली धरील, त्या समांतर रेषा शोधील, आणि त्या जिथे सांगितल्या होत्या तिथेच त्याला सापडतील.